सहावा कप

दिवाळीच्या तोंडावर घराघरांतून जी झाडलोट चालते, तिच्यात पुरुषमाणसाचे स्थान काय असते हे वाचकांना सांगायला नको. माळ्यावरचे डबे खाली काढून द्यावेत, जड कपाट एकदा पुढे आणि एकदा मागे सरकवून द्यावे, आणि मग कुणाच्या पायांत येऊ नये म्हणून गॅलरीत वर्तमानपत्र उघडून बसावे! मीही इतकी वर्षे हेच करीत आलो. पण गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरातून असा काही कचरा निघाला, की त्याच्याकडे वर्तमानपत्राआडून पाहणे मला जमले नाही. तो बाहेर काढला आमच्या सातवीतल्या कन्येने. आणि तिच्या हाती झाडू दिला होता तिच्या शाळेने.

झाले असे. गांधीजयंतीच्या सुमारास तिच्या शाळेत 'सेवा-सप्ताह' असतो. दरवर्षीचा कार्यक्रम ठरलेला. एक दिवस मैदानाची सफाई, एक दिवस वृक्षारोपण, एक दिवस घोषणा देत प्रभातफेरी, आणि शेवटच्या दिवशी पाहुण्यांचे भाषण. वृक्षारोपणाचा खड्डा बहुधा गेल्या वर्षीचाच असतो. सफाईच्या दिवशी झाडू कमी आणि मोबाइलवर छायाचित्रे काढणारे जास्त, असे दृश्य असते. मी हे हिणवण्यासाठी लिहीत नाही. मीही एका महाविद्यालयात शिकवतो, आणि आमच्याकडच्या कार्यक्रमांच्या छायाचित्रांत पहिल्या रांगेत उभा असतो.

पण गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला एक नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी मुलांना विचारले, "समाज सुधारायचा म्हणजे कुणाला सुधारायचं?" मुलांनी भराभर उत्तरे दिली. रस्त्यावर थुंकणाऱ्यांना, सिग्नल तोडणाऱ्यांना, झोपडपट्टीतल्या लोकांना, खेड्यातल्या लोकांना. बाईंनी सगळी नावे फळ्यावर लिहिली आणि म्हणाल्या, "या यादीत आपलं घर कुठं दिसत नाही. आपण समाजात राहत नाही का?" मग मुलांनी आपल्याच घरासाठी प्रश्नांचा एक तक्ता करावा असे ठरले. प्रश्न मुलांनीच काढले. एकंदर आठ.

त्या संध्याकाळी आमची कन्या तक्ता आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसली. कुटुंबप्रमुख म्हणून उत्तरे मी द्यायची होती. पहिला प्रश्न : ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करता का? मी म्हटले, "हो." दुसरा : जेवणानंतर घरातले मुलगे स्वतःचे ताट उचलतात का? बारावीतले आमचे चिरंजीव याच वेळी ताट तसेच ठेवून उठत होते. ते पुन्हा बसले, आणि ताट घेऊन उठले. त्यांची अभ्यासाची घाई एकाएकी कुठे गेली कोण जाणे! तिसरा प्रश्न : पाण्याची टाकी भरून वाहते तेव्हा कोण लक्ष देते? इथवर हसतखेळत चालले होते.

चौथा प्रश्न असा : तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींचे पूर्ण नाव काय?

वाचकहो, मावशी आमच्याकडे नऊ वर्षे येत आहेत. माझ्या आईच्या दुखण्यात त्यांनी रात्री जागवल्या आहेत. आम्ही सारे त्यांना 'मावशी' म्हणतो आणि घरच्याच माणसासारख्या त्या आहेत असे चारचौघांत सांगतो. त्यांचे पहिले नाव मला ठाऊक होते. आडनाव ठाऊक नव्हते. मी पत्नीकडे पाहिले. तिने आईकडे पाहिले. आईने पंख्याकडे पाहिले. कन्येने कागदावर लिहिले : 'माहीत नाही.'

पाचवा : त्या आजारी पडल्या तर पगार कापता का? सहावा : तुमच्या इमारतीची लिफ्ट त्यांना वापरता येते का? सातवा : त्यांना चहा कोणत्या कपातून देता? आठवा : तो चहा त्या कुठे बसून पितात?

सातव्या प्रश्नाला माझी जीभ अडखळली. कन्या उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्याखालच्या फळीच्या कोपऱ्यातून एक कप घेऊन आली. कानाचा टवका उडालेला, आत चहाची तांबूस रेघ कायमची बसलेला. ती तो रोज पाहत होती, पण त्या दिवशी तिने तो टेबलावर आमच्या कपांशेजारी आणून ठेवला, तेव्हा तो आम्हां सर्वांना पहिल्यांदाच दिसला.

"यात जातपात वगैरे काही नाही गं," आई म्हणाली. "आपापला कप असला म्हणजे बरं असतं, इतकंच."

"मग हा मावशींनी निवडलाय का?" कन्येने विचारले.

कुणी काही बोलले नाही. आणि आता मी जे केले ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी म्हणालो, "तो प्रश्न सोड. तिथं 'लागू नाही' असं लिही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "लागू आहे की बाबा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "सगळ्यांच्या बाबांनी असंच लिहायला सांगितलं, तर बाईंना वाटेल की असे कपच कुठं नसतात."

त्याच सकाळी मी प्रथम वर्षाच्या वर्गात महात्मा फुल्यांवर तास घेतला होता. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना मी मुलांना मोठ्या रंगात येऊन सांगितली होती. गावचा नव्हे, सरकारचा नव्हे, स्वतःच्या घरचा हौद, यावर भर देऊन सांगितली होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या हौदाविषयी बोलताना मला आमच्या ओट्याखालचा कप आठवला नव्हता.

शेवटी तिने खरे तेच लिहिले, आणि खाली मी सही केली.

दोन दिवसांनी शाळेतून निरोप आला : पालकांची तातडीची सभा. तिथे गेल्यावर समजले की आमच्यासारख्याच बऱ्याच घरांत तो तक्ता पोचला होता, आणि बऱ्याच घरांत पेच पडला होता. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "आम्ही फी भरतो ती मुलांना शिकवावं म्हणून. आमच्या घराची झडती घ्यावी म्हणून नाही." टाळ्या पडल्या. दुसरे म्हणाले, "झाडं लावा, रस्ते झाडा, आमची काही तक्रार नाही. पण मुलांना आईबापांविरुद्ध उभं करू नका." मुख्याध्यापक घाम पुसत होते. बाई एका बाजूला उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "प्रश्न मुलांनी काढले आहेत. मी फक्त शुद्धलेखन तपासलं."

मी तिसऱ्या रांगेत गप्प बसलो होतो. व्यासपीठ दिसले की ज्याचे तोंड आपोआप उघडते, तो मी गप्प बसलो होतो! का, ते मला पुरते माहीत होते. बोलायला उठलो तर कपाविषयी बोलावे लागले असते. इतक्यात मागच्या रांगेतून एक आई उभी राहिली. कायद्याने राखून ठेवलेल्या पंचवीस टक्के जागांतून तिचा मुलगा त्या वर्गात शिकत होता. ती म्हणाली, "मी चार घरची धुणीभांडी करते. माझ्या मुलानंपण तो कागद आणला घरी. तो म्हणाला, आई, आपल्याकडं कोण कामाला येत नाही, मग मी काय लिहू? मी म्हटलं, तू मला विचार, मी सांगते कोणत्या घरात कसा चहा मिळतो." एवढे बोलून ती खाली बसली. त्यात राग नव्हता. पण सभागृहात पुष्कळ वेळ कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही.

मग मी उठलो. भाषण केले नाही. आमच्या घरचा कप कसा निघाला, आणि मी मुलीला काय लिहायला सांगितले, तेवढे सांगून टाकले. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांपैकी दोघेतिघे खाली पाहत होते. घंटाभर चर्चा होऊन तडजोड निघाली, आणि ती मला आजही योग्यच वाटते. तक्त्यावर मुलाचे नाव असू नये. कुणी दुसऱ्याच्या घरी विचारपूस करायला जाऊ नये, ज्याने त्याने आपलेच घर पाहावे. आणि कोणत्या घरात काय निघाले याची वर्गात चर्चा न करता, काय बदलता येईल याची करावी. ज्या गृहस्थांनी 'झडती' हा शब्द वापरला होता, त्यांचीही बाजू अगदीच चुकीची नव्हती. मुलाच्या हाती प्रश्न देताना त्याच्या हाती चाबूक जाणार नाही, याची काळजी शिक्षकांनी घ्यावीच लागते.

घरी परतताना मला माझ्या शाळेतली एक दिवाळी आठवत होती. साल १९९४. मी तेव्हा सातवीतच होतो. आमच्या शाळेने 'गरिबांना फराळ' असा उपक्रम काढला होता. प्रत्येकाने घरून चकल्या, लाडू, चिवडा आणायचा, आणि नदीकाठच्या वस्तीत जाऊन वाटायचा. आम्ही रांगेने गेलो. वस्तीतल्या बायामुलांना समोर रांगेत उभे केले होते. वाटता वाटता माझ्यापुढे एक हात आला, तो आमच्याच वर्गातल्या एका मुलाचा. दुखते म्हणून तो त्या दिवशी शाळेत आला नव्हता. तो त्या वस्तीत राहतो हे आम्हांला ठाऊक नव्हते. आईने बळेच पुढे ढकलल्यामुळे तो रांगेत आला होता. मी त्याच्या हातावर लाडू ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो माझ्या शेजारच्या बाकावरून उठून मागे जाऊन बसला, आणि वर्ष संपेपर्यंत तिथेच बसत होता. त्या उपक्रमाबद्दल आमच्या शाळेला शाबासकी मिळाली. माझ्या मित्राला काय मिळाले, याची नोंद कुठल्या अहवालात नाही.

शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण सेवा आणि सुधारणा या दोन गोष्टी आपण एकाच पिशवीत घालतो, ही आपली चूक आहे. लाडू देणारा लाडू देऊन तसाच घरी येतो, त्याचे काही बदलत नाही. सुधारणेत त्याला स्वतःचे काहीतरी सोडावे लागते. मुलांना पहिले शिकवणे सोपे आहे, कारण त्यात मोठ्यांना काही करावे लागत नाही.

आपल्या महाराष्ट्राला दुसऱ्या रस्त्याची ओळख नाही असे मुळीच नाही. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजातली लहान मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदया'त तिचा निबंध छापून आला. महारमांगांच्या दुःखाविषयी लिहिताना, ज्या धर्मग्रंथांना हात लावायचीही आम्हांला मनाई आहे त्यांचा धर्म आमचा कसा, असा बिनतोड सवाल तिने त्यात केला आहे. तिला कुणी घोषणांचा फलक देऊन मिरवणुकीत उभे केले नव्हते. लिहायला शिकवले, आणि मग तिला जे लिहायचे होते ते लिहू दिले. शाळकरी मुलांनी समाजसुधारणेत भाग घ्यायचा म्हणजे काय, याचे याहून जुने आणि याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, आपल्या हाताने काम करीत, आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. मुलांच्या दाण्यागोट्यासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने, इतकेच काय मंगळसूत्रही दिले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. आता लक्षात घ्या, त्या मुलांना जातिभेदावर व्याख्याने ऐकवून घरी पाठवले असते तर काय झाले असते? ती एका चुलीचे जेवली. त्यांच्या घरच्या माणसांना ते मान्य करावे लागले, किंवा निदान त्याची सवय करावी लागली. गावच्या वडीलधाऱ्यांना जे पटवायला एक पिढी लागली असती, ते मुलांनी रोज दोन वेळा जेवून करून दाखवले.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तिथल्या छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे घड्या घालून ठेवीत. रागावत नसत. मुले परतून खोली पाहत आणि शरमून दुसऱ्या दिवशी आपणच झाडू हाती घेत. पुढे १९४७ च्या मे महिन्यात याच गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले आणि ते खुले झाले. छात्रालयातला झाडू आणि पंढरपूरचे उपोषण ही एकाच माणसाची कामे आहेत, आणि त्यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे.

सरकारदरबारीही हा विचार नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत 'नई तालीम' मांडली गेली, ती हाताच्या कामातून शिक्षण देण्यासाठी. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि समाजसेवा या दोन्ही गोष्टी शिक्षणाचा भाग व्हाव्यात असे सांगितले. गांधीशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांतून सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा 'बिनदप्तराचे दिवस' सांगितले आहेत. म्हणजे योजनांची वाण नाही. पण कार्यानुभवाचे गुण द्यायचे ठरले, की कार्यानुभवाच्या वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात विकत मिळू लागतात. प्रकल्पाची चित्रे छापील, माहिती छापील, आणि चिकटवायचे काम बाबांकडे! रात्री अकरा वाजता डिंकाने बोटे चिकटलेला बाप ज्याने पाहिला नाही, त्याने आपली शिक्षणपद्धती पाहिली नाही असे खुशाल समजावे.

तरीही मुलांकडून खरे काम होते, याचे दाखले आपल्या डोळ्यांसमोर आहेत. १९९५ साली पल्स पोलिओची मोहीम निघाली, तेव्हा मी आठवीत होतो. आम्ही पोरे गल्लोगल्ली हाका मारीत हिंडलो, आणि बाळांच्या आयांना केंद्राचा रस्ता दाखवला. २०११ च्या जानेवारीत देशातला शेवटचा रुग्ण आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. ते काम डॉक्टरांचे, परिचारिकांचे आणि लसीचे, हे खरे. पण त्या हाकांत माझाही बसका आवाज होता, याचे मला आजही समाधान वाटते.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीसत्तरीच्या आजीबाई गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन मुळाक्षरे गिरवायला बसल्या. घरी त्यांचा अभ्यास घ्यायला नातवंडे होती. ज्या आजीने ज्या नातवाचे बोट धरून त्याला शाळेत नेले, त्याच नातवाने तिचे बोट पाटीवर धरावे, याहून सुरेख समाजसेवा कोणती? तिथे लाडू देणारा आणि घेणारा अशा दोन रांगा नाहीत.

या सगळ्यातून मला जे उमगले, ते पालक म्हणून आणि शिक्षक म्हणून सांगतो. मुलांना घोषणा देऊ नका, प्रश्न काढू द्या. एका दिवसाचा सोहळा करण्यापेक्षा वर्षभर पुरेल असे लहान काम द्या. आठवड्यातून एकदा शेजारच्या आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे हे शंभर झाडांच्या छायाचित्रापेक्षा मोठे आहे. मुलांना गटारात उतरवू नका, रहदारीत उभे करू नका, तो कामाचा भाग मोठ्यांचा. ज्यांची सेवा करायची त्यांची मुले आपल्याच वर्गात असतील, हे मनात ठेवून कार्यक्रम आखा. आणि काम झाल्यावर मुलांशी बोला, कारण जे पाहिले त्याने मूल अस्वस्थ होऊन घरी येते, आणि त्या अस्वस्थतेचे काय करायचे हे त्याला एकट्याला कळत नाही. आमच्या बाईंनी हे शेवटचे काम फार चांगले केले. मुलांनी घरातल्या माणसांची लाज काढू नये, त्यांना वेळ द्यावा, पण प्रश्न मागे घेऊ नये, असे त्यांनी समजावले.

आमच्या इमारतीतली पाच मुले त्या वर्गात किंवा मागच्यापुढच्या वर्गांत होती. तळमजल्यावर लिफ्टशेजारी 'घरकामगारांनी जिन्याचा वापर करावा' अशी पाटी होती. पाचांनी मिळून अध्यक्षांना पत्र लिहिले. आपल्या राज्याने २००८ साली घरकामगारांच्या कल्याणासाठी खास कायदा केला आहे, याचीही माहिती त्यांनी कुठूनशी काढून त्यात घातली होती. अध्यक्षांनी पत्र वाचून "बघू" असे म्हटले. महिना गेला, दोन महिने गेले. मग इमारतीला रंग लागला, पाट्या उतरवल्या गेल्या, आणि रंग वाळल्यावर बाकीच्या पाट्या परत लागल्या, ती एक लागली नाही. कुणी ठराव केला नाही, कुणी आभार मानले नाहीत. आपल्याकडे पुष्कळशा सुधारणा अशाच होतात.

आता कपाचे सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कन्येने आमच्या कपांपैकी एका कपात चहा ओतून मावशींपुढे धरला. मला वाटले, आता प्रसंग गोड होणार. पण मावशी संकोचल्या. "राहू द्या की ताई," त्या म्हणाल्या. "माझा कप कुठंय? त्याच्यातच बरं वाटतं मला. ह्यो फुटला-बिटला तर?" त्यांनी ओट्याखाली हात घालून आपला कप काढला आणि चहा त्यात ओतून घेतला. कन्येचा चेहरा उतरला. एका तक्त्याने नऊ वर्षांची सवय जात नाही. आमची जात नाही, तशी त्यांचीही नाही. आणि आमच्या शोधाची किंमत त्यांनी एका सकाळी आपला संकोच टाकून चुकवावी, ही आमची अपेक्षाही जरा घाईचीच होती.

तोडगा काढला तो माझ्या आईने, जिने पहिल्या दिवशी कपाची बाजू घेतली होती. दिवाळीसाठी सहा कपांचा नवा संच आणला होता. घरात माणसे पाच. दरवेळी सहावा कप 'आल्यागेल्याला' म्हणून मागे ठेवला जातो. आईने धनत्रयोदशीच्या सकाळी सहाही कप ताटात मांडले, सहांत चहा ओतला, आणि मावशींना म्हणाली, "उचल तुला हवा तो. तुझा टवक्याचा कप मी काल भंगारात दिला. माझ्याच हातानं टवका उडाला होता त्याचा, लक्षात आहे तुझ्या?" मावशी हसल्या. "आहे की," म्हणाल्या. "तवा तुम्ही म्हणालात, फेकू नको, तुला होईल." मग त्यांनी एक कप उचलला. आई पुढे काही बोलली नाही. तिचा चहा त्या दिवशी बराच वेळ तसाच राहिला.

त्या संध्याकाळी पणत्या लावताना मी कन्येला विचारले, "काय, झाली का तुमची समाजसुधारणा?"

तिने वात सरळ केली. "सातवा प्रश्न झाला," ती म्हणाली. "पण मावशी चहा अजून खाली बसूनच पितात. आठवा राहिला आहे."

हे लिहीत आहे तोवर एक वर्ष होत आले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही सहावी खुर्ची आणून ठेवली आहे. तिच्यावर अद्याप बहुतेक वेळा धुतलेल्या कपड्यांची चळतच असते. पण परवा मावशींचे गुडघे दुखत होते, तेव्हा त्यांनी स्वतःच चळत उचलून बाजूला ठेवली आणि त्या थोडा वेळ टेकल्या. चहा तेव्हा झाला नव्हता. कन्येने गॅस पेटवला.